बाद केलेलं पाणी

पाऊस जोरात आला की लोकांना भजी आठवतात. मला बाटल्या आठवतात. तपकिरी काचेच्या, जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या. आताही बघा, नागपुरात सकाळपासून धो धो चाललंय, खालच्या मजल्यावरचे काका स्कूटर ओढून आत घेताहेत, समोरच्या घरातून फोडणीचा वास येतोय, आणि मी खिडकीत उभी राहून विचार काय करतेय, तर तिकडे नरखेडकडे असाच पडत असेल तर वावरं एव्हाना वाहायला लागली असतील. घरात दुसरं कुणी असतं तर त्याने म्हटलं असतं, अगं बाई, गॅसवर दूध ठेवलंयस. कुणी नसल्यामुळे दूध उतू गेलं, आणि ओटा पुसता पुसता मी तो एक पावसाळा आठवत राहिले.

शेतकऱ्याला मुरणारा पाऊस आवडतो. मला त्या वर्षी वाहणारा हवा होता. वावरात तणनाशक मारल्यावर जो मोठा पाऊस येतो, तो मातीवरचं औषध धुऊन घेऊन जातो, नाल्यात, तळ्यात, कुणाच्या विहिरीत. किती घेऊन जातो ते मोजायचं आमचं काम होतं. आणि हे पाणी वाहत असतानाच धरावं लागतं. अर्ध्या तासाने आलात तर नुसता चिखल. म्हणजे गावात जाऊन राहायचं आणि आभाळाकडे बघत बसायचं. कोण जाणार हे ठरवायला आमच्या प्रयोगशाळेत फार वेळ लागला नाही. एकीचं बाळ लहान, एकाचे वडील आजारी, एकाच्या मुलीची बारावी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'तुला काय, तू मोकळी!' हे वाक्य लोक इतक्या प्रेमाने बोलतात की रागावताही येत नाही. मी रागावले. पण पिशवी भरली.

काटोलवरून पुढे एसटी, आणि फाट्यावरून गजाननची मोटरसायकल, ज्याच्या वावरातलं पाणी धरायचं होतं तो शेतकरी. संत्र्याच्या बागा, मोटारपंपांची घरघर, बागांच्या मध्ये पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची वावरं. मला खोली मिळाली ती गजाननच्या काकूकडे. कौसल्याबाई. गावाची कौसाकाकू, माझी पहिल्या दिवसापासून मावशी. साठी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. लागूनच पुतण्या गजाननचं घर. वावरं दोन, वरचं गजाननचं, खालचं मावशीचं, मध्ये मातीचा बांध. आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात.

मी पिशवी टेकवली नाही तोच मावशीने विचारलं, "तुमी पाण्यातलं इख मोजता म्हणे जी?"

"हो."

"दिसते काय थे?"

"डोळ्यांनी नाही दिसत. मशीनला दिसतं."

"बरं हाय बाप्पा मशीनचं," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. चहाचं पातेलं एवढं मोठं निघालं की मला वाटलं, अजून कुणी येणार असेल. कुणी आलं नाही. आम्ही दोघी प्यायलो, उरलेला तिने झाकून ठेवला आणि संध्याकाळी परत गरम केला. रोज हेच. एकदा न राहवून मी म्हटलं, मावशी, लहान पातेलं घ्या की. तर म्हणाली, "लहान हायेच कुठं माह्याजवळ?"

ते पातेलं निंदणाऱ्या, पिकातलं तण काढणाऱ्या बायांसाठी होतं. एकेकाळी या दिवसांत तिच्या वावरात ओळीने बाया बसायच्या, पदर खोचून, हातात विळा घेऊन. प्रत्येकीने एक ओळ धरायची, तिला म्हणायचं पात. धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत आपापली पात निंदत जायची. तोंडं चालू, हात चालू. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या सासूचं, सिनेमातल्या बायांचं, सगळ्या जगाचं निंदण त्याच वावरात व्हायचं. तण उपटता उपटता तरोट्याचा कोवळा पाला, केन्याची पानं ओटीत जमायची, आणि संध्याकाळी गावभर एकाच भाजीचा वास. हे सगळं मावशी मला सांगायची तेव्हा तिचे हात हवेत तण उपटत असायचे.

आणि एक रीत होती. जी आधी धुऱ्यावर पोचली तिने पाणी प्यायचं नाही. कुणी मागे राहिली असेल, बाळंतीण असेल, तापातून उठलेली असेल, तर पुढे गेलेलीने वळायचं आणि त्या मागच्या पातीत समोरून बसायचं. इकडून ती, तिकडून ही, मध्ये कुठेतरी गाठ पडली की पात संपली. मग सगळ्या मिळून धुऱ्यावर, मग पाणी. "मागं राह्यलेलीले टाकून कोणी पाणी पेत नोयतं वं," मावशी म्हणाली. तोवर मी 'तुमी' आणि 'जी'वरून 'वं'वर उतरले होते. मला फार बरं वाटलं. एरवी बाहेर कुठेही गेले की मला सगळे मॅडम म्हणतात.

आता त्या बाया कुठे गेल्या? कुठे म्हणजे, कुठेही. काही कळमेश्वरच्या कारखान्यांत, काही दुसऱ्याच्या बागेत, काही घरी टीव्हीसमोर. निंदायला बाया लागतच नाहीत म्हटल्यावर त्यांनी काय करायचं? पाठीवर पंप घेतलेला एक माणूस सकाळी सुरू करतो आणि दुपारच्या जेवणाआधी वावर उरकतो. चार-आठ दिवसांत तण पिवळं पडतं, मग तपकिरी, मग माती उघडी. काम चोख. मी गजाननला दोष देत नाही. त्याने हिशेबाने केलं आणि त्याची पऱ्हाटी खरंच छान उभी होती. पण त्याच्या वावरातून जाताना मला माझ्याच चपलांचा आवाज ऐकू यायचा, तो काही मला आवडायचा नाही.

सगळ्या गावाने फवारा धरला, मावशीने धरला नाही. गाव तिला हसायचं. शेवटची जोडीदारीण लेकीकडे हिंगण्याला राहायला गेली, तरी ही एकटी विळा घेऊन वावरात. मला वाटलं, विषाची भीती असेल, जमिनीची माया असेल. शहरातली माणसं असंच काहीतरी थोर समजून बसतात. विचारलं तेव्हा तिने सरळ सांगितलं. "औषिदानं तण मरते वं बाई, बराबर मरते. पण बाया येत नाही. आज ना उद्या एखादी म्हणंल, कौसाबाईच्या इथं निंदण हाय, चाल जाऊ. वावरच कोरं केलं, तं येईन कोण? अन् कशाले?"

माझ्या घरात पाहुण्यांसाठी घेतलेल्या सहा कपांचा संच आहे, डब्यातून न काढलेला. तो मी का ठेवलाय, हे मलाही कुणी विचारू नये.

तर मुद्दा असा, की मावशीचं वावर मला हवंच होतं. पाण्यात विष आहे असं म्हणायचं, तर आधी विष नसलेलं पाणी शेजारी ठेवावं लागतं. आम्ही त्याला कोरा नमुना म्हणतो. तीच माती, तोच पाऊस, फक्त फवारा नाही. अशी जमीन साऱ्या शिवारात एकच निघाली. हे तिला समजावून सांगितलं तेव्हा ती जी फुलली म्हणता! दुकानात, चक्कीवर, हापशीवर, भेटेल त्याला सांगत सुटली, "माह्या वावराचं पाणी सरकारात नमुना म्हणून चाललं." सरकारात नाही मावशी, आमच्या प्रयोगशाळेत, असं मी दोनतीनदा सांगून पाहिलं. तिने ऐकलंच नाही.

आणि त्यातूनच ती बोली झाली. एका सकाळी गजानन ओसरीवर चहा पीत होता. माणूस चांगला, काकूला रोज विचारून जाणारा. म्हणाला, "काकू, औंदा शेवटचं हां. पुढच्या सालापासून तुह्या वावरात मी पंप मारणार. तुह्यानं निंदणं होत नाही, अर्धं वावर तसंच राह्यते, अन् त्याचं बी उडते माह्याकडे. काहून कंबर मोडून राहिली?"

खरं बोलत होता. तिच्या वावराच्या खालच्या टोकाला गवत गुडघ्याला लागत होतं. मावशी चिडली, पदर कमरेला खोचला, जणू निंदायलाच निघाली. "थांब गा! या बाईचं मशीन काय म्हणते थे पाहू पहिले. तुह्या पाण्यात इख निंघालं अन् माह्यात नाही, तं माह्या वावरात पंप घेऊन पाय ठेवायचा नाही. कधीच."

"अन् तुह्या पाण्यात भी निंघालं तं?"

"तं मार मंग! मी हू का चू करणार नाही."

गजानन हसला. मीही हसले. मला खात्रीच होती की बाजी मावशीची. न फवारलेल्या वावरात, मध्ये धुरा असताना, कुठून येणार होतं?

मग पाऊस रुसला. रोज दुपारी ढग यायचे, अंगणभर सावली करायचे आणि मध्य प्रदेशाकडे निघून जायचे. मी बाटल्या पुसून परत खोक्यात ठेवायची. बसून बसून कंटाळा आला की मावशीबरोबर वावरात जायची, पण निंदायची नाही. हाताला मशागतीची माती, औषध, काही लागायला नको, नमुना बिघडतो. ती निंदायची, मी धुऱ्यावर बसून बघायची. आम्हा दोघींत एवढं अंतर रोज असायचं. मधूनच ती मान वर करून रस्त्याकडे बघायची. कुणी बाई डोक्यावर काही घेऊन चाललेली दिसली की विळा थांबायचा. बाई पुढे निघून गेली की परत सुरू.

गजाननने त्याचा फवारा मारला आणि त्यानंतर एका दुपारी पाऊस आला तो असा, की समोरची बाग दिसेना. मी बाटल्या घेऊन पळाले, मावशी छत्री घेऊन मागे. आधी गजाननच्या वावराच्या तोंडाशी, जिथून पाणी बाहेर पडतं तिथे, मग मावशीच्या. पावसाचं सरळ पाणी बाटलीत पडू नये म्हणून छत्री बाटलीवर धरायची असते, माणसावर नाही. मावशीला हे इतकं पटलं की तिने डोक्यावरचं पोतंसुद्धा काढून बाटलीभोवती धरलं. आम्ही दोघी निथळत होतो आणि बाटली कोरडी. तिच्या वावरातून चहाच्या रंगाचं पाणी भसाभस येत होतं. ती त्याच्याकडे वाकून म्हणाली, "नीट जा वं माय, नाक कापू नको माहं." मला इतकं हसू आलं, की झाकण दोनदा वाकडं बसलं. तेवढं हसू मला त्यानंतर फारसं आलेलं नाही.

परतीच्या एसटीत बर्फाची पेटी मांडीवर होती. कंडक्टर म्हणाला, "मासोया हाय का जी मॅडम?" म्हटलं, नाही, पाणी आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी सीताबर्डी येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत बसले.

आमच्या यंत्राचं काम साधं दिसतं. पाणी गाळून, आटवून, त्याचा अर्क काढून आत सोडायचा आणि पडद्यावर एक रेघ पुढे सरकताना बघत बसायचं. औषध नसेल तर रेघ सपाट जाते. असेल तर ठरलेल्या जागी टेकाड येतं. गजाननच्या पाण्याचं टेकाड आलं, मोठं, अपेक्षेप्रमाणे. मग मी मावशीचं पाणी लावलं. संध्याकाळची वेळ, सगळे घरी गेलेले, यंत्राची घूं घूं आणि मी. रेघ सपाट चालली होती. चालली होती, चालली होती, आणि त्याच जागी आल्यावर उचलली गेली.

लहानसं टेकाड. पण त्याच जागी. मी नळी धुतली, परत लावलं. परत तेच. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाटलीतलं लावलं. तेच. अहो, वेगळं येणार कसं? वरच्या वावराचं पाणी त्या धबधब्यात धुऱ्यावरून खाली उतरलं होतं. फवाऱ्याचा थोडा वाराही गेला असेल. एवढी खटपट करून, कंबर मोडून, गावाचं हसू अंगावर घेऊन राखलेलं वावर, आणि त्यातून शेजारचंच औषध वाहत होतं. मला रडू आलं. प्रयोगशाळेत रडायची ती काही माझी पहिली वेळ नव्हती, पण पाण्यासाठी पहिलीच.

साहेब म्हणाले, "कोरा नमुना कोरा नाही, म्हणजे उपयोग नाही. बाद कर. टेकडीवरच्या जंगलातलं पाणी घेऊन ये." बरोबरच होतं त्यांचं. मीच माझ्या हाताने मावशीच्या पाण्यापुढे 'अग्राह्य' असं लिहिलं आणि जंगलातलं पाणी आणून काम पुरं केलं. अहवाल छान झाला. कुणी वाचला असेल तर.

सांगायला मी स्वतः गेले. फोनवर सांगता आलं असतं, पण जीव धजला नाही. ओसरीवर मावशी, गजानन आणि ते पातेलंभर चहा. मी म्हटलं, "मावशी, तुमच्या पाण्यात निघालं. गजाननभाऊंपेक्षा खूप कमी आहे. पण आहे."

गजाननचा कप तोंडाशी थांबला. तोच म्हणाला, "काकू, थे माह्याच वावरातून उतरलं असंन. पाऊस पाह्यला ना तू कसा होता तं. तू थे बोलणं धरू नको."

"कुठून का येईना," मावशी म्हणाली. "हाय ना? मंग बोलणं झालं होतं गा आपलं. मार."

तिचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता. मला वाटलं, चला, फार लावून घेतलं नाही तिने. मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "मंग माहं पाणी तुमच्या कागदात कुठं लिवलं?"

मी खोटं बोलू शकले असते. बोलले नाही. "नाही लिहिलं मावशी. ते बाद केलं."

"बाद?"

"हो."

"सारंच?"

"हो."

मावशी उठली, आणि उरलेला चहा झाकून न ठेवता अंगणातल्या केळीच्या बुडाशी ओतून टाकला. निघताना मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "छत्री बाटलीवर धरली होती मी. अंगावर नाही घेतली." म्हटलं, मावशी, तुमची काही चूक नाही. पण ती चूक विचारत नव्हती. तिला एवढंच सांगायचं होतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात गजाननने खालच्या वावरातही पंप मारला. हे मला कळलं ते तिच्या फोनवरून. ती फोन करायची मधूनमधून. 'जेवली काय वं?' यापलीकडे फारसं बोलणं नसायचं, आणि मी म्हणायची, कामात आहे मावशी, नंतर करते. तिला येऊन भेटायचं माझं दर वर्षी ठरायचं. पण नमुने नसताना गावात जाऊन मी करणार काय, असा प्रश्न पडायचा. माणसाकडे नुसतं जायची सवय सुटते हळूहळू.

तर या वर्षी, मागच्या आठवड्यात, फोन आला. "रविवारी येतं का वं? निंदाले."

"निंदायला? मावशी, आता तर सगळं फवारतात ना?"

"गजाननले सांगतलं, धुऱ्याजवळच्या दोन पाती सोड म्हणून. थो म्हणे, एक पुरते तुले. म्हटलं, दोन पाह्यजे. एकटीनं काय निंदा लागते काय?" आणि मग जरा थांबून, "दुसरी तुही हाय."

मी गेले. हातात बाटल्यांची पेटी नव्हती, त्यामुळे एसटीत मांडीवर काय ठेवावं तेच कळेना. मावशी वाळून अर्धी झालीय. गजाननने दोघींना वावरापर्यंत सोडलं, पाण्याची बाटली धुऱ्यावर ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, काकूले सांभाळा जी," आणि बागेकडे गेला. सारं वावर स्वच्छ, तपकिरी, पऱ्हाटीच्या रांगा आखल्यासारख्या. आणि कडेला त्या दोन पाती, हिरव्यागार, तणाने नुसत्या माजलेल्या. त्यात तरोटाही होता. मावशीने त्याची चार पानं खुडून माझ्या ओढणीच्या टोकाला बांधून दिली.

बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या मातीत हात घातला. विळा धरता येईना, पऱ्हाटीचंच एक झाड उपटलं, मावशीने "अवं माय!" म्हणून ते परत मातीत खोचलं. गुडघे बोलायला लागले. ती सरसर पुढे गेली, या वयात, वाळलेल्या अंगाने, आणि मी मागेच. आभाळ भरून आलं होतं. एरवी असं आभाळ आलं की माझं लक्ष वावराच्या तोंडाकडे जातं, पाणी कुठून निघेल याकडे. त्या दिवशी गेलं नाही. मला नुसतं एकटं वाटत होतं, मोकळ्या वावरात, तिची पाठ लांब लांब जाताना बघून. इतकी वर्षं ती इथे हेच बघत बसायची, रस्त्याने लांब जाणाऱ्या पाठी.

ती धुऱ्यावर पोचली. पाण्याची बाटली तिच्या पायाशीच होती. तिने ती उचलली, हातात धरली, आणि न उघडता परत खाली ठेवली. मग वळली, आणि माझ्या पातीच्या त्या टोकाला, माझ्याकडे तोंड करून बसली. विळा चालायला लागला. मी मान वर करून पाहिलं. अख्ख्या वावरात आम्ही दोघीच होतो, आणि ती माझ्याकडे येत होती.